‘तिला पायजे काय?’ : राजारामपुरीतल्या पटकथा कार्यशाळेचे तीन रविवार

पावसाळा सुरू व्हायच्या आधी सलग तीन रविवार मी राजारामपुरीत एका पटकथा कार्यशाळेला गेले. शिकवणारे सर बारीक चणीचे, साठीच्या आसपासचे. मुंबईत बरीच वर्षं मालिका लिहून आता कोल्हापुरात परत आलेले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की माझं नाव आणि नंबर नेटवर टाकू नका. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसं ते घेत नाहीत आणि फोन उचलायला दुसरं कुणी नाही. म्हणून नाव लिहीत नाही. कोल्हापुरात नाटक-सिनेमाच्या वर्तुळात चौकशी केली तर पत्ता लागतो, मलाही तसाच लागला.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी दूध संस्थेची सचिव आहे. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ संकलन. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), लिटर, वहीत नोंद, दहा दिवसांनी बिल. या दोन वेळांच्या मधे मी लिहिते. कथा लिहीत होतेच, दोन-तीन दिवाळी अंकांत आल्या आहेत. २०१९ च्या महापुरानंतर मात्र मला सिनेमाच लिहायचा होता, कारण जे बघितलं ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. चार वर्षांत एकशे चाळीस पानं झाली. वाचणारे म्हणायचे, छान आहे, पण संपतंय कुठं कळत नाही.

त्याआधी एका ऑनलाइन कोर्सला मी बारा हजार रुपये भरले होते. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आणि शेवटी एक लॉगलाइन, म्हणजे अख्खा सिनेमा एका वाक्यात सांगणारी ओळ, पाठवायची, त्यावर तज्ज्ञ अभिप्राय देणार. तीन आठवड्यांनी अभिप्राय आला: ‘छान. इमोशनल कनेक्ट वाढवा.’ बारा हजार म्हणजे आमच्यासारख्यांना किती, हे मी रोज लोकांची बिलं काढते म्हणून मला नीट माहीत आहे. त्या दोन वाक्यांचा मला खूप त्रास झाला. वर्षभर मी त्या पानांना हात लावला नाही. राजारामपुरीतली फी साडेतीन हजार होती, तीन दिवसांचे मिळून. तरी भरताना हात थबकला होता.

जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचा एक लांबट हॉल, खाली शिलाईच्या सामानाचं दुकान. चटया, तीन टेबलं, एक पांढरा फळा. पंखे दोन, त्यातला एक फिरायचा. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरं पोस्टकार्ड दिलं आणि म्हणाले, तुमचा अख्खा सिनेमा मागच्या बाजूला लिहा. अक्षर बारीक काढायचं नाही. एकच वाक्य, फार तर दोन.

मी लिहिलं: ‘महापुराच्या पार्श्वभूमीवर माणुसकीचा आणि नात्यांचा शोध घेणाऱ्या एका स्त्रीचा हृदयस्पर्शी प्रवास.’

आजही हे इथं लिहिताना वाईट वाटतं, कारण त्या वाक्यात माझ्या चार वर्षांतलं काहीच नव्हतं. पूर कुठलाही, बाई कुठलीही. सरांनी कार्ड वाचलं, फळ्याकडं गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘तिला पायजे काय?’ तीनही रविवार ते पुसलं गेलं नाही. बाकीचा फळा दहादा भरला आणि पुसला, तेवढा कोपरा तसाच राहिला.

लॉगलाइन म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. निर्मात्याला एका दमात सांगायचं वाक्य, पंचवीस-तीस शब्दांचं. त्यात नायक कोण, कुठल्या घटनेनं त्याचं रोजचं चाक अडलं, त्याला आता काय मिळवायचंय, आडवं कोण येतं, आणि नाही मिळालं तर काय जाईल. हे सगळीकडं लिहिलेलं असतं. पण मी समजत होते, की हे वाक्य पटकथा पुरी झाल्यावर लिहायचं, दुकान बांधून झाल्यावर पाटी लावतात तसं. सरांनी ते पहिल्या तासातच मोडून काढलं. त्यांच्या मते ही ओळ विकण्यासाठी नंतर. आधी ती लिहिणाऱ्यानं स्वतःची तपासणी करून घेण्यासाठी. ओळ जमत नसेल तर दहातल्या नऊ वेळा शब्द कमी पडत नसतात, कथेतच कुणीतरी किंवा काहीतरी गैरहजर असतं.

माझ्या कथेत नायिकाच गैरहजर होती. कसं ते पुढं सांगते.

सरांनी उदाहरण घेतलं ते इथल्याच मातीतलं. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ केला, मुका चित्रपट. व्ही. शांतारामांनी त्यात शेतकऱ्याचं काम केलं होतं. सावकाराच्या कर्जात जमीन जाते आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. सर म्हणाले, याची लॉगलाइन लिहा. आम्ही बाराजणांनी ‘अन्याय’, ‘शोषण’, ‘संघर्ष’ असे शब्द लिहिले. त्यांनी सगळे खोडले. म्हणाले, मूकपटात माणूस ‘मला न्याय पाहिजे’ असं बोलून दाखवू शकत नाही. मधे मजकुराच्या पाट्या दाखवता येतात, पण किती पाट्या दाखवणार? पडद्यावर जमीन दिसते, कागद दिसतो, अंगठा दिसतो. म्हणून त्या काळच्या लोकांना पात्राला हवी असलेली गोष्ट डोळ्यांना दिसेल अशीच निवडावी लागायची. बोलपट आल्यावर आपल्याला बोलायची सोय झाली आणि आपण आळशी झालो. ‘जमीन वाचवायची’ हे ध्येय आहे. ‘न्याय’ हा त्या ध्येयाचा अर्थ आहे, आणि तो प्रेक्षक काढतो.

कोल्हापुरात बसून हे ऐकताना अंगावर काटा आला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तीही इथंच. १९३३ ला पुण्याला गेली. आपण ती नावं स्टुडिओच्या पाट्या, पुतळे आणि भाषणं यांच्यातच ऐकतो. ती माणसं रोज कोणता प्रश्न सोडवत होती हे मला पहिल्यांदा कळलं.

मग माझी पाळी. पटकथेची मुख्य व्यक्तिरेखा म्हणजे दूध संस्थेची सचिव. पूर येतो, ती संस्थेच्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर घेऊन बाहेर पडते, शाळेच्या छावणीत राहते आणि तिथून सगळ्यांच्या कहाण्या बघते. सरांनी वीस पानं उभ्याउभ्या वाचली. मग कार्डाकडं बोट करून कोल्हापुरीत म्हणाले, ‘‘ताई, ही नुसती बघत्या. करतंय कोण?’’

मी गप्प झाले. ती सचिव म्हणजे मीच होते. मी खरंच बघितलं होतं, आणि बघितल्याचं ओझं कुठंतरी ठेवायचं म्हणूनच तर लिहायला घेतलं होतं. सरांना ते समजलं असावं. चहाच्या सुट्टीत जवळ येऊन त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘त्या पुरात तुम्ही कुणाकडं सगळ्यांत जास्त वेळ बघत होता?’’

उत्तर माझ्याकडं तयार होतं. आमच्या गल्लीतली एक बाई. नवरा वारलेला. पाच-सात म्हशी. बोट आली तेव्हा ती चढली नाही, कारण बोटीत फक्त माणसं घेत होते. माझ्या एकशे चाळीस पानांत ती साडेतीन पानं होती.

घरी येताना केएमटी बसच्या खिडकीशी बसून मी दुसरं कार्ड लिहिलं: ‘२०१९ च्या महापुरात एक विधवा घर सोडायला नकार देते.’ मला ते फार आवडलं होतं.

दुसऱ्या रविवारी त्याचंही ऑपरेशन झालं, आणि इथं मी सगळ्यांत जास्त शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर म्हणाले, नकार हे ध्येय होत नाही. नकार द्यायला माणूस जागेवर बसला तरी पुरतं. पहिल्या सीनमध्ये तिनं नकार दिला. दुसऱ्या सीनमध्ये ती काय करते? पुन्हा नकार देते. तिसऱ्यात? आणखी मोठ्यानं नकार देते. तिच्याभोवतीची माणसं धावपळ करतात, पाणी वर चढतं, म्हणजे सगळे काही ना काही करतायत आणि नायिका उंबऱ्यावर बसून आहे. ‘नको’ असेल तर त्याच्यामागचं ‘पायजे’ शोधा. ती घरासाठी थांबली का?

घरासाठी कशाला थांबेल? म्हशींसाठी.

मग म्हशींचं तिला काय करायचंय? नुसतं त्यांच्याजवळ बसायचंय का?

त्यांना माळावर पोचवायचंय. पूररेषेच्या वर. चिखली-आंबेवाडीकडची माणसं सोनतळीला जातात तसा आमच्या गावालाही एक उंचवटा आहे, तिथं. आणि हे मी बोलले त्या क्षणी मला सिनेमा दिसला. घरापासून माळापर्यंतचा रस्ता, मधे ओढा, ओढ्यावरचा पूल पाण्याखाली, आणि एकेक म्हैस. किती पोचल्या, किती राहिल्या, हे प्रेक्षक बोटांवर मोजू शकतो.

सरांची एक कसोटी मी आता प्रत्येक गोष्टीला लावते. शेवटचा फोटो. नायिकेला हवं ते मिळालं की नाही हे एकाच फोटोत, बिनसंवाद, दिसलं पाहिजे. ‘स्वाभिमान परत मिळवते’ याचा फोटो काढून दाखवा. येत नाही. माळावर पाच म्हशी उभ्या आहेत, किंवा चार आहेत, याचा फोटो येतो. स्वाभिमान, माया, नवऱ्याची आठवण हे सगळं त्या फोटोच्या आत येऊन बसतं, त्याला वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही.

आणि जाईल काय? हे मला कुणी शिकवायला नको होतं. ऑगस्ट २०१९ च्या दहा-दहा दिवसांच्या बिलांची वही माझ्याकडं आहे. काही नावांपुढं लिटरचा रकाना मोकळा आहे. सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी. कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापला जातो. बिलच नसेल तर कशातून कापायचा? म्हैस मेली तरी म्हशीवरचं कर्ज जिवंत राहतं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, फाउंड्रीत काम करणाऱ्या एका दादांनी पेन खाली ठेवलं. सर म्हणाले, हे ‘विधवा’ या शब्दात मावतंय का? ‘विधवा’नं तिची फक्त परिस्थिती कळते. लॉगलाइनमध्ये नायिकेचं नाव नको, पण असं विशेषण द्या की ती कशावर उभी आहे ते कळेल. मी लिहिलं, ‘पाच म्हशींच्या दुधावर कर्ज फेडणारी’. पाच शब्द, पण त्यात ती आली, धंदा आला, धोकाही आला.

आधी म्हशी सात होत्या. पण राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे सात, आणि ‘किती दरवाजे उघडले’ हे आमच्याकडं पुराचं घड्याळच असतं. पटकथेत दर दरवाजामागं एक म्हैस असं जुळून यायला लागलं आणि ते मला खोटं वाटलं. म्हणून पाच केल्या. सर म्हणाले, सात ठेवा, छान लय येते. मी ऐकलं नाही. घड्याळ मात्र ठेवलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ असतं. नदीकाठची माणसं बंधाऱ्यावरचा आकडा ऐकून सांगतात, की आता पाणी कुणाच्या परड्यात आलं असेल. म्हणजे प्रेक्षकाला मुदत समजावत बसायचं कारण नाही. फोनवर आकडा वाजला, की पुरे.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला बाहेर पिटाळलं. ओळखीच्या नसलेल्या तिघांना आपली ओळ ऐकवायची आणि ते काय म्हणतात ते लिहून आणायचं. ‘छान’ म्हणाले तर ओळ फेल. प्रश्न विचारला तर तो प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. मी बिंदू चौकात गेले. एका फुलवालीनं ऐकून ‘बरं’ म्हटलं. खासबागेजवळच्या भेळवाल्यानं स्वतःच्या सासुरवाडीच्या पुराची हकिगत सांगितली, दहा मिनिटं. गिऱ्हाईक थांबलं होतं. तिसरा एक रिक्षावाला, पन्नाशीचा. त्यानं सगळं ऐकलं, तोंडातला तंबाखू थुंकला आणि म्हणाला, ‘‘एकटीच हाय व्हय ओ ती? पोरंबाळं न्हाईत?’’

माझ्या पटकथेत तिला मुलगा होता. पुण्यात नोकरीला पाठवून दिला होता मी त्याला, नको मधे मधे म्हणून. रिक्षावाल्याचा प्रश्न घेऊन मी जिना चढले आणि सरांना सांगायच्या आधीच मला कळलं होतं. आडवं येणारं माणूस मला सापडत नव्हतं. पूर आडवा येतो, पण पुराला काही नको असतं. तो तिच्याशी भांडत नाही, तिला समजावत नाही, तिच्यापुढं रडत नाही. मुलगा हे सगळं करू शकतो. मुलाला गावच्या बचाव पथकात घातला, की बोट घेऊन आईला न्यायला तोच येणार. त्याला आई जिवंत पाहिजे. तिला म्हशी जिवंत पाहिजेत, त्याच्याच डोक्यावरचं कर्ज फिटावं म्हणून. दोघंही बरोबर आहेत. खलनायक कुणी नाही आणि तरी प्रत्येक सीनमध्ये दोघांची टक्कर आहे.

तिसऱ्या कार्डावरची ओळ अशी: ‘महापुरात बोटीत फक्त माणसंच घेतायत म्हटल्यावर, पाच म्हशींच्या दुधावर कर्ज फेडणारी एक विधवा, पाणी गव्हाणीला लागायच्या आत सगळ्या म्हशी माळावर पोचवायला मागं राहते, पण तिला बोटीत घालून न्यायची जबाबदारी तिच्याच पोरावर आहे.’

शब्द तीसच्या थोडे वर जातात. सरांनी चालवून घेतले.

घरी जाऊन सासूबाईंना ऐकवलं. त्यांना सिनेमाचं फारसं काही नसतं. वाती वळता वळता ऐकलं आणि विचारलं, ‘‘त्यात गाभण कुठली?’’ मी म्हटलं, गाभण कुणी नाही. ‘‘पाचात एक तरी असतीयाच की. ती कशी चालंल?’’ वाती बाजूला ठेवून त्या मला सांगायला लागल्या, की म्हैस पोहते, माणसापेक्षा चांगली पोहते. पुरात मरते ती दाव्यानं. माणसं घाबरून जनावर बांधलेलं ठेवून पळतात. आधी दावं सोडायचं, नाही सुटलं तर विळ्यानं कापायचं. पण दिवस भरलेली म्हैस पाण्यात उतरायला तयार होत नाही, ती उभी राहते. माझ्या मधल्या भागात चाळीस पानं रिकामी होती, ती त्या रात्री भरली. दावं आणि विळा आता पहिल्या सीनमध्येच आहे: ती सकाळी विळ्याला धार लावते, वैरणीसाठी. तोच विळा परत कधी येणार हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं.

बाकीच्यांचंही थोडं सांगते. शिवाजी पेठेतला एक मुलगा केशवराव भोसले नाट्यगृहावर लिहीत होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून रडत होतं, मीही टीव्हीपुढं रडले. त्याचा नायक तिथला पडदा ओढणारा म्हातारा कामगार, आणि ध्येय ‘नाट्यगृह पुन्हा उभं करायचं’. सर म्हणाले, ते शासन करेल, ठेकेदार करेल. तुझा म्हातारा काय करेल? एकट्या माणसाच्या हातात मावेल एवढं ध्येय दे. दीड तास चर्चा झाली. शेवटी निघालं ते असं: नव्या रंगमंचावर पडदा बटणावर चालणार आहे, आणि म्हाताऱ्याला पहिल्या प्रयोगाचा पडदा आपल्या हातानं ओढायचाय. एवढंच. मुलगा आधी हिरमुसला, फार छोटं वाटलं त्याला. मला तरी ते त्या बारा कार्डांतलं सगळ्यांत मोठं वाटलं. शेवटचा फोटो बघा ना: दोरी आणि दोन हात.

कुणीतरी विचारलं, ओळ सगळ्यांना सांगत सुटलो आणि चोरली तर? हा प्रश्न गावाकडून लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असतो. सरांनी सरळ सांगितलं, की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच ते स्पष्ट केलंय. संरक्षण मिळतं ते कल्पना ज्या रूपात मांडली त्या लिखाणाला. म्हणून ओळ तेवढी घेऊन मुंबईला पळायचं नाही. सविस्तर कथा लिहायची, पटकथा लिहायची, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाइन नोंदवायची आणि मगच कुणाला पाठवायची. मेलनं पाठवायची, म्हणजे तारीख राहते.

आता जे खटकलं ते. दहाची वेळ दिली होती, तिन्ही दिवस पावणेअकराशिवाय सुरुवात नाही. माझ्यासारखीला सहाच्या आत संस्थेचं कुलूप काढायचं असतं. साडेचारला संपणार म्हणून सांगितलेला वर्ग साडेपाचला संपायचा, आणि दोन वेळा मला मधूनच उठावं लागलं. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा तास माझा बुडाला, तो कुणी भरून दिला नाही. नोट्सच्या झेरॉक्स पुसट होत्या आणि त्यातलं निम्मं इंग्रजीत. मराठीत शिकवताना इतकं छान मराठी बोलणारा माणूस नोट्स तशा का देतो, मला समजलं नाही. मी तसं सांगितलंही. पुढच्या वेळी मराठीत करतो म्हणालेत.

मोठी तक्रार वेगळी आहे. एका कॉलेजच्या मुलीची गोष्ट होती तीन मैत्रिणींची. तिघींना तीन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. सर तिला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, यातली नायिका कोण, एक निवड. तिनं रडवेल्या आवाजात एक निवडली आणि तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही. अनेक पात्रांच्या गोष्टीची ओळ लिहायची रीत असते: तिघींना एकत्र बांधणारा एक प्रसंग किंवा एक जागा घ्यायची आणि ओळ त्या गाठीवर उभी करायची. सरांना ते येत नसेल असं मला वाटत नाही. वेळ नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी दोन तास ओटीटीवाल्यांपुढं नरेशन कसं द्यायचं, म्हणजे गोष्ट तोंडी कशी सांगायची, यावर गेले. ते दोन तास त्या मुलीचे होते. ती हे वाचत असेल तर तिला सांगते, तुझ्या तिघीही ठेव.

आणखी एक. नायिकेची भाषा. आमच्याकडं बायका ‘मी जातो, मी आलो’ असंच बोलतात. संवादात मी तसंच लिहिलं होतं. गटातल्या एकांनी ते चूक म्हणून लाल पेनानं दुरुस्त केलं, तेव्हा सरांनी ते पान घेतलं आणि सगळ्या दुरुस्त्या खोडल्या. त्या एका गोष्टीसाठी माझे साडेतीन हजार वसूल झाले असं मी म्हणेन.

शेवटच्या दिवशी आठ-नऊजण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. ग्लास समोर धरला की म्हशीची धार त्यातच. फेस ओठांना लागतो. मी रोज शेकडो लिटर दूध हाताखालून घालवते, पण असं उभं राहून पिण्याला किती वर्षं झाली होती. पडद्यावाल्या मुलानं तिथल्या एका गवळ्याला माझी ओळ ऐकवली, मला न विचारता. गवळी धार काढता काढता थांबला नाही, मान वर न करता म्हणाला, ‘‘गाभणीला शेवटाला न्यायची. आधी न्हेली तर बाकीच्या मागनं येत न्हाईत.’’ मी पोस्टकार्डाच्या कडेला ते तिथंच लिहून घेतलं, दुधाचा ठिपका अजून आहे त्यावर.

पाचपैकी चार तारे. ज्यांची पटकथा आधीच लिहून पडली आहे आणि कुठं अडलंय ते कळत नाही, त्यांनी जावं. अगदी कोऱ्या पाटीनं जाणाऱ्याला तीन दिवस कमी पडतील. दुपारचा डबा घरून न्या. जिना अंधारा आहे, गुडघे दुखत असतील तर आधी फोन करा, खालच्या दुकानाच्या मागं दुसरा सोपा जिना आहे तो उघडून देतात. पोस्टकार्डं स्वतःची दहा-बारा घेऊन जा, तिथं एकेकच मिळतं.

माझी नवी पटकथा ब्याण्णव पानांची झाली आहे. सचिव आता त्यात दोन सीनपुरती आहे: एकदा वह्या घेऊन जाताना, आणि एकदा माळावर, म्हशी मोजताना.